वाफसा नसलेलं रान

जुलैत दोन-तीन दिवस झड लागून मग उघडीप पडली की कळमनुरीच्या बाजूचा शेतकरी रानात जातो, मूठभर माती उचलतो, दाबतो आणि हातातून सोडून देतो. गोळा पडूनही तसाच राहिला तर तो आल्या पावली परत फिरतो. गोळा फुटून विखुरला तर तिफण जुंपायला हरकत नसते. वाफसा आला. आमच्याकडे वापसा असंही म्हणतात. अर्थ एकच, की मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवं तेवढंच पाणी उरलंय आणि राहिलेल्या जागेत हवा शिरली आहे. मुळाला पाणी पिता येतं आणि श्वासही घेता येतो. जे सांगायला परिभाषेला एक अख्खं वाक्य खर्चावं लागतं ते हा शब्द तीन अक्षरांत सांगतो, म्हणून या प्रस्तावनेत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

अवकाशात झाडं वाढवायला निघालेल्या शास्त्रज्ञांची पन्नास वर्षांची धडपड मला वाफशाच्या शोधाचीच वाटत आली आहे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याची कल्पना वेगळी असते. तिथे झाडाला मारत असतील ते विश्वकिरण, गोठवणारी थंडी आणि पोकळी, असं त्याला वाटतं. पण झाड काही यानाच्या बाहेर टांगत नाहीत. माणसासारखंच ते बंद खोलीत, माणसाला सोसेल अशा उबेत, दिव्याखाली असतं. तिथे त्याचा जाच करतं ते पाणी, आणि पाण्याच्या मागोमाग हवा. दोन्ही भरपूर असतात, फक्त जागच्या जागी नसतात.

हा विषय मराठीतून शिकू पाहणाऱ्याच्या हाताशी काहीतरी असावं म्हणून हे पुस्तक लिहिलं. यातली बरीचशी प्रकरणं मुळात वनस्पतिशास्त्राच्या मुलांसाठी काढलेली टिपणं होती. कुणाच्या घरी सोयाबीन, कुणाच्या हळद, कुणाच्या कापूस. वर्गात मी ‘मूळ-क्षेत्रातील प्राणवायूची न्यूनता’ असं काही फळ्यावर लिहिलं की सगळे वहीत मान घालत. मग एकदा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘सर, म्हणजे रान चिबडलंय ना?’ त्या दिवसापासून मी टिपणं बदलायला घेतली. माझ्या शास्त्राच्या निम्म्या संज्ञा या मुलांना घरूनच येत होत्या, आणि इतकी वर्षं त्या मी त्यांना परक्या भाषेत शिकवत होतो.

‘ताण’ हा शब्दच घ्या. शास्त्रात तो वनस्पतीच्या वाढीला अडथळा आणणाऱ्या परिस्थितीसाठी वापरतात. शेतकऱ्याला तो जुना आहे. पिकाला ताण बसतो आणि पिकाला ताण देतातही. संत्र्याचा, डाळिंबाचा बहार धरायचा तर पाणी तोडून झाडाला मुद्दाम ताण द्यावा लागतो, मग ते फुलावर येतं. ताण म्हणजे नुसती इजा नव्हे, झाडाला मिळालेली ती एक बातमीसुद्धा आहे, हे बहार धरणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. परिस्थिती अमुक दिशेने बदलली आहे, तू आता आपला कारभार बदल, अशी ती बातमी. मग अवकाशात झाडाला नेमकी कुठली बातमी मिळते आणि ते तिचा अर्थ काय लावतं? सगळा विषय या एका प्रश्नात मावतो. गंमत अशी की वनस्पती जमिनीवर आल्याला चाळीस कोटींहून जास्त वर्षं झाली आणि या काळात त्यांनी पूर, दुष्काळ, ऊन, हिमवर्षाव, खारी माती, किडे, गुरं सगळं पाहिलं, पण वजन नसणं कधीच पाहिलं नाही. त्यासाठीचं उत्तर त्यांच्या जनुकांत नाही. मग त्या जुन्याच उत्तरांपैकी एखादं देऊन बघतात.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो पदवीपर्यंत शिकलेल्यांतही असतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे चारशे किलोमीटरवरून फिरतं. तिथे पृथ्वीची ओढ संपत नाही, जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के ती शिल्लक असते. तरी तिथे वजन जाणवत नाही, कारण स्थानक सतत पडत असतं. विहिरीतून पोहरा शेंदताना दोर तुटला तर पोहरा आणि त्यातलं पाणी दोन्ही सोबतच खाली जातात, आणि तेवढे क्षण पाण्याचा भार पोहऱ्याच्या बुडावर नसतो. स्थानक हा असाच दोर तुटलेला पोहरा आहे. त्याला आडवा वेग इतका दिलेला असतो की विहिरीचा तळ कधी येतच नाही. पुस्तकात पुढे सूक्ष्मगुरुत्व हा शब्द येईल तेव्हा हा पोहरा आठवावा.

आता त्या पडत्या खोलीत कुंडी ठेवून पाणी घाला. जमिनीवर पाणी मोठ्या पोकळ्यांतून खाली झिरपतं, त्याच्या मागे हवा आत येते आणि वाफसा होतो. तिथे खाली अशी दिशाच नाही. पाण्यावर राज्य चालतं ते पृष्ठताणाचं. पाणी ज्याला चिकटेल त्याला चिकटून बसतं, कणाभोवती, मुळाभोवती जाड पडदा धरतं, कुठे सगळ्या पोकळ्या गच्च भरतं तर बोटभर अंतरावर माती कोरडीठाक ठेवतं. आणि प्राणवायू पाण्यातून सरकतो तो हवेतल्यापेक्षा जवळपास दहा हजार पटींनी सावकाश. त्या पडद्याआड मूळ गुदमरतं. भर पाण्यात बुडालेलं मूळ आणि तहानलेलं मूळ एकाच कुंडीत सापडतात. म्हणून तिथे माती नेत नाहीत. अमेरिकेच्या ‘व्हेजी’ या छोट्या बागेत झाडं उशीसारख्या पिशव्यांत वाढवतात आणि त्यांत भाजलेल्या चिकणमातीचे सच्छिद्र कण भरलेले असतात. कण कुठल्या आकाराचे घ्यायचे यावर केवढा काथ्याकूट झाला आहे. आपल्याकडे हळद गादीवाफ्यावर लावतात, सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरा असं सांगतात, त्यामागची काळजी हीच. आपण निचऱ्यासाठी उतार देतो, त्यांना उतार नाही. त्यांना तो कणांच्या आकारातून निर्माण करावा लागतो.

व्हेजी २०१४ साली स्थानकावर गेली. १० ऑगस्ट २०१५ ला तिथल्या अंतराळवीरांनी तिच्यातली तांबडी लेट्यूस खाल्ली, त्याची छायाचित्रं जगभर छापून आली. मला त्याहून त्याच्या मागची झिनियाची हकिकत शिकवायला आवडते. २०१५ च्या डिसेंबरात झिनियाच्या पानांच्या कडांना पाण्याचे थेंब दिसू लागले, पानं खाली मुरडली, मग बुरशी आली. पाणी जास्त झालं होतं आणि पंखा कमी पडत होता. पंख्याचा वेग वाढवला तर आता झाडं सुकायला लागली. तोवर पाणी कधी द्यायचं हे जमिनीवरून, वेळापत्रकाने ठरत होतं. स्कॉट केली या अंतराळवीराने सांगितलं की झाडाकडे बघून मलाच ठरवू द्या. तसं ठरलं, काही रोपं वाचली आणि जानेवारी २०१६ मध्ये फूल उमललं. पाटाची पाळी आणि पिकाची गरज यांचा मेळ न बसल्याचं दुःख ज्याने भोगलं आहे त्याला या गोष्टीवर वेगळं भाष्य नको.

हवेचंही तसंच. जमिनीवर पानाजवळची उबदार, ओलसर हवा हलकी होऊन वर जाते आणि ताजी हवा तिची जागा घेते. हे सगळं वजनाच्या जिवावर चालतं. वजन नसेल तर उबदार हवा वर जात नाही, म्हणून तिथे मेणबत्तीची ज्योतसुद्धा निमुळती न होता गोल होते. पान आपणच सोडलेल्या वाफेत आणि प्राणवायूत गुरफटून बसतं आणि त्याला हवा असलेला कर्बवायू हाताच्या अंतरावर असून मिळत नाही. १९९० च्या दशकात स्पेस शटलवर अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या बारीक तणावर ओळीने तीन प्रयोग झाले. हे तण म्हणजे वनस्पतिशास्त्राचा पांढरा उंदीर. पहिल्या खेपेला फुलं आली पण परागच नीट बनले नाहीत, बीज धरलं नाही. अवकाशात झाडाला वंश वाढवता येत नाही, असा निष्कर्ष काढायला ती संधी चांगली होती. मेरी मस्ग्रेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काढला नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी कर्बवायू वाढवला. पराग सुधारले, पण ते कुक्षीपर्यंत पोचलेच नाहीत. तिसऱ्या खेपेला त्यांनी पेटीतली हवा खेळती ठेवली आणि गर्भ व्यवस्थित वाढले. दोष वजन नसण्याचा होता, पण आडवळणाने. झाडाला गुरुत्वाची उणीव भासली नव्हती, वाऱ्याची भासली होती.

या तीन प्रयोगांवर मी एक सबंध प्रकरण लिहिलं आहे. माझ्या मते या विषयाची पद्धत तिथेच घडली. झाडावर दिसलेला परिणाम थेट वजनहीनतेचा की पाणी-हवेच्या मार्फत आलेला, हे वेगळं करणं म्हणजेच हे शास्त्र. जुन्या शोधनिबंधांत हे भान पुष्कळदा नाही. अवकाशात झाडाला अमुक झालं, असं लिहून ते मोकळे होतात. वाचताना आपण विचारायचं की पेटी केवढी होती, पंखा होता का, पाणी कसं दिलं, आणि हुबेहूब तशीच पेटी त्याच वेळी जमिनीवर ठेवली होती का.

मीर या रशियन अवकाश स्थानकावरच्या गव्हाची गोष्ट याच माळेतली, पण तिचा खलनायक वेगळा. १९९६ मध्ये तिथे अतिबुटका गहू पेरला. तो उगवला, वाढला, ओंब्यांवर आला. अडीचशेहून जास्त ओंब्या होत्या. जमिनीवर आणून त्या चोळून पाहिल्या तर एकीतही दाणा नाही. सगळा पळंज! ज्वारीचं कणीस दाण्याविना पाहिलेल्या माणसाला त्या प्रयोगशाळेतली शांतता कशी असेल ते कळेल. शोध घेतल्यावर बोट गेलं ते इथिलीनकडे. बंद स्थानकाच्या हवेत हा वायू साचत गेला होता. दहा लाखांत एखाद-दुसरा भाग, पण गव्हाचे पराग वांझ करायला तेवढा पुरे. जमिनीवर गव्हाला मुद्दाम तेवढा इथिलीन दिला तेव्हा तशाच रित्या ओंब्या आल्या. आमच्या तालुक्यात डोंगरकड्याकडे केळी होते आणि केळी पिकवणाऱ्या प्रत्येकाची या वायूशी ओळख आहे, मग त्याला नाव माहीत असो वा नसो. एक पिकलेलं फळ आढीतल्या बाकीच्यांना पिकवतं ते यानेच. उघड्या रानात इथिलीन वाऱ्यावर निघून जातो. बंद खोलीत तो फिरून झाडाकडेच येतो. चिबड रानातही तो मुळांशी अडकतो आणि पानं खाली मुरडतात, झिनियाची मुरडली होती तशीच. पुढे अपोजी नावाचा गहू मीरवर दाण्यावर आला आणि त्याआधी १९९७ मध्ये मोहरीच्या जातभाईने तिथे बीजापासून बीजापर्यंतचा फेरा पुरा केला, जरी बी पृथ्वीवरच्यापेक्षा लहान भरलं.

झाडाच्या आत काय घडतं, ते आता जनुकांच्या पातळीवर वाचता येतं. कुठल्या वेळी कुठली जनुकं चालू आहेत याची यादी काढायची, जमिनीवरच्या जोडीदाराची यादी शेजारी ठेवायची आणि फरक पाहायचा. या याद्यांत पहिल्यापासून एक ओळखीचा चेहरा दिसतो, तो अल्कोहोल डिहायड्रोजिनेज या विकराचा. मुळाला प्राणवायू कमी पडला की ते आंबवण्याच्या मार्गाने ऊर्जा मिळवतं, आणि तेव्हा हा विकर लागतो. पाणी धरलेल्या रानातल्या सोयाबीनच्या मुळांत तो वाढतो, आणि शटलवरच्या अरॅबिडॉप्सिसच्या मुळांतही वाढलेला सापडला. दुसरा चेहरा जास्त कोड्यात टाकणारा आहे. उष्णतेने प्रथिनांची घडी विसकटू नये म्हणून पेशी उष्माघात-प्रथिनं बनवते. अवकाशात पेटीचं तापमान वाढलेलं नसतानाही ती बनलेली दिसतात. जोडीला पेशीभित्तिका सैल-घट्ट करणारी जनुकं, कॅल्शियमच्या निरोपांची जनुकं, क्रियाशील प्राणवायूचा मारा आवरणारी जनुकं. जणू घरात चोर शिरल्याची शंका आली आहे, कुठून ते कळत नाही, म्हणून सगळेच दिवे लावून ठेवलेत.

पण या याद्या एकमेकींशी फार जुळत नाहीत, हेही इथेच सांगितलेलं बरं. पेटी बदलली, वाण बदललं, उजेड बदलला की यादी बदलते. काही अभ्यासकांना ही विषयाची दुबळी बाजू वाटते. मला ती तशी वाटत नाही. सोयाबीनचं एकच वाण आखाडा बाळापूरच्या भारी रानात आणि माळावरच्या हलक्या रानात सारखं वागत नाही, मग अवकाशातच ते एकसारखं का वागावं?

पाणी आणि हवा यांचा हिशेब चुकता केल्यावर जे उरतं ते खास गुरुत्वाचं. ते थोडं आहे, पण माझ्या लेखी सगळ्यात सुंदर तेच. मूळ खालीच का जातं? १८०६ मध्ये टॉमस नाइट या इंग्रज बागाइतदाराने ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला शेंगवर्गातल्या बिया बांधल्या. चाकाच्या वेगाने बाहेर फेकणारं बल तयार झालं तेव्हा मुळं बाहेरच्या दिशेने आणि कोंब आसाच्या दिशेने वाढले. मूळ मातीला किंवा अंधाराला ओळखत नाही, ओढीला ओळखतं, हे एका पाणचक्कीने सिद्ध केलं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० च्या ग्रंथात दाखवलं की मुळाचं टोक कापलं तर नवं टोक येईपर्यंत मुळाला दिशा समजत नाही. मग १९०० मध्ये हाबरलांट आणि नेमेत्स या दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं की टोकाच्या टोपीत पिष्टाचे जड कण असतात आणि ते पेशीच्या तळाशी जाऊन बसतात, ती झाडाची ‘खाली’ची जाणीव. मूळ आडवं केलं की कण कलंडून नव्या तळाशी जातात, ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या बाजूला जास्त साचतं, मुळात ते वाढ रोखतं, म्हणून वरची बाजू जास्त वाढून मूळ खाली वळतं. कोंबात तेच ऑक्सिन वाढ वाढवतं, म्हणून कोंब वर वळतो. एकाच निरोपाचे दोन ठिकाणी दोन अर्थ.

आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून ती दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी टिपेल. त्या लहरी वेगळ्या आणि झाडाला जाणवणारी ओढ वेगळी, त्यांची सरमिसळ करू नये. तरी औंढ्याच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंच्या तुरीकडे पाहून मला हसू येतं. गुरुत्वाची दखल घेणारं यंत्र या रानात कधीपासून आहे. ते मुळाच्या टोकाएवढं आहे आणि त्याच्या दुरुस्तीला कुणी लागत नाही.

अवकाशात ते पिष्टाचे कण तळाशी बसत नाहीत, तरंगतात. मग मूळ काय करतं? थांबत तर नाही. ते बीजापासून दूर जात राहतं, उजेड टाळतं, ओलाव्याकडे वळतं. जमिनीवर दबलेल्या या खुणांना तिथे बोलायला सवड मिळते. तिरक्या ताटलीवर मुळं नागमोडी आणि एका बाजूला झुकत वाढतात, ते गुरुत्वामुळेच होतं असं आपण मानत होतो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या ॲना-लिसा पॉल आणि रॉबर्ट फर्ल यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की स्थानकावरही मुळं तशीच झुकतात. कोंबांचंही असंच झालं. अरॅबिडॉप्सिसचा कोंब निळ्या उजेडाकडे वळतो हे जुनं ज्ञान. स्थानकावर तो तांबड्या उजेडाकडेही वळलेला जॉन किस यांच्या प्रयोगांत दिसला. शेवाळं आणि नेचे यांची ही सवय फुलझाडांनी टाकून दिली असावी असा समज होता, पण ती नुसती गुरुत्वाखाली झाकून राहिली होती.

मातीबद्दलचं प्रकरण मी लोणारहून आल्यावर लिहिलं. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं लोणारचं विवर चंद्राच्या अभ्यासकांना ओढून आणतं, कारण चंद्रावरची काळी मैदानंही बेसाल्टचीच आहेत. म्हणजे आपलं काळं रान आणि चंद्राची धूळ यांचं खडकाचं कूळ एक. फरक पाणी, हवा, जिवाणू आणि लाखो वर्षांच्या मुळांनी केला. २०२२ मध्ये त्याच फ्लोरिडाच्या गटाने, भूशास्त्रज्ञ स्टीफन एलार्डो यांच्यासह, अपोलो ११, १२ आणि १७ ने आणलेल्या चंद्रधुळीत अरॅबिडॉप्सिस पेरलं. एकेका रोपाला एकेक ग्रॅम धूळ. बी सगळीकडे उगवलं, पण मुळं खुरटली, पानं जांभळट झाली आणि जनुकांत क्षार, धातू आणि प्राणवायूच्या माऱ्याला दिलेली उत्तरं उमटली. सगळ्यात वाईट गत अपोलो ११ च्या धुळीत झाली. ती चंद्राच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त काळ उघडी पडलेली होती. आपल्याकडे जमीन जुनी तितकी कसदार असं म्हणायची सवय, तिथे नेमकं उलटं. प्रत्यक्ष चंद्रावर उगवलेलं पहिलं रोप मात्र आपल्या ओळखीचं आहे. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या चांग-ई ४ यानातल्या बंद डब्यात सरकी उगवली. चंद्राची रात्र पडताच ती थंडीने गेली. सरकी!

किरणोत्साराचं प्रकरण मुद्दाम लहान ठेवलं आहे. पृथ्वीच्या चुंबकीय छत्राखाली फिरणाऱ्या स्थानकावर तो आजवर झाडाचा मोठा शत्रू ठरलेला नाही, मंगळाच्या वाटेवर ठरू शकेल. आणि बियाण्यावर किरणांचा मारा करून काय साधतं हे शिकायला महाराष्ट्राला अवकाशात जावं लागत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्या मदतीने काढलेली भुईमूग, तूर, मूग, उडदाची वाणं शेतात कधीच आली, टीएजी-२४ हा भुईमूग तर घराघरांत माहीत आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अन्न व कृषी संघटना यांनी अरॅबिडॉप्सिससोबत ज्वारीचं बी स्थानकावर पाठवलं, तेव्हा मराठवाड्याच्या भाकरीचा धागा तिथवर पोचला.

भारताचं स्वतःचं खातं नुकतंच उघडलं आहे. ३० डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० सुटलं. त्याचा चौथा टप्पा टाकून न देता कक्षेतच प्रयोगांचा ओटा म्हणून वापरला. त्यावर इस्रोच्या विक्रम साराभाई केंद्राची ‘क्रॉप्स’ ही पेटी होती आणि पेटीत चवळीच्या आठ बिया. चौथ्या दिवशी मोड आले, पुढे दोन पानंही उलगडली. त्याच ओट्यावर मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाच्या प्रयोगात पालकाच्या पेशींचा पुंजका वाढत होता, तसाच एक पुंजका त्याच वेळी जमिनीवरही. वर सांगितलेली जोडीदाराची शिस्त पाळलेली होती, म्हणून हा प्रयोग लहान असून मला मोलाचा वाटतो. मग २०२५ च्या जून-जुलैत अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा धारवाडच्या कृषी विद्यापीठाने आणि तिथल्या आयआयटीने पाठवलेले मेथी आणि मूग त्यांनी मोडावर आणले. चवळी, मूग, मेथी, पालक. नावं वाचून आठवडी बाजारात उभं असल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरही आहे. परक्या तणावर शिकलेलं आता आपल्या कडधान्यांवर तपासून पाहायचं आहे, आणि कडधान्यांच्या मुळांवर गाठी असतात. गाठीतल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, पण मोजून मापून. वाफसा नसलेल्या रानात त्या गाठींचं काय होईल, या प्रश्नाजवळ हे पुस्तक थांबतं.

नव्या विद्यार्थ्याला माझं एवढंच सांगणं की यासाठी अग्निबाण लागत नाही. आजवरच्या बऱ्याच अवकाश-प्रयोगांची जनुकीय माहिती नासाच्या जीनलॅब या भांडारात खुली आहे, कळमनुरीत बसून ती उतरवून घेता येते. चिबड रानातली मुळं पाहायला तर बांधापर्यंत जायचं आहे. तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, परभणीचं कृषी विद्यापीठही फार लांब नाही. आणि गुरुत्वाची दिशा पुसून टाकणारं क्लिनोस्टॅट हे यंत्र घरी बनतं. जर्मनीत यूलिउस झाक्स यांनी एकोणिसाव्या शतकात घड्याळाच्या यंत्रणेवर बनवलं होतं, तुम्ही बिघडलेल्या मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर घ्या. ती मिनिटाला तीन-चार फेरे घेते, तेवढे चालतात. ओल्या टीपकागदावर मटकीच्या मोडाच्या बिया बसवून ताटली उभी फिरवायची, म्हणजे आस आडवा. रोप सगळ्या बाजूंनी सारखं फिरतं, त्यामुळे पिष्टाच्या कणांना तळ असा सापडत नाही. यात वजन नाहीसं होत नाही, फक्त त्याची दिशा विस्कटते, हा फरक वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. शेजारी दुसरी ताटली उभ्या आसावर फिरती ठेवा, म्हणजे फिरण्याचा परिणाम वेगळा काढता येईल. विजेची वायर नीट गुंडाळा, खोलीत अंधार ठेवा, आणि कागद ओला ठेवा पण निथळता नको. माझ्या पहिल्या खेपेच्या चोवीस बियांपैकी अठरा कुजल्या होत्या. पाणी जास्त झालं होतं.